केळीच्या बागेतले एकोणीस खून

एकोणीस! एकोणीस माणसं मारली मी, तुम्हाला सांगतो, आपल्या फैजपूरच्या केळीच्या बागेत, भर दुपारी, नुसत्या उघड्या हातानं, आणि एकाच्याही घरून तक्रार नाही! आता असे मागे नका सरकू... बरं, खरं सांगतो. माणूस एकच होता. मेडिकलवाला ललित. तोच एकोणीस वेळा मेला. आणि माझ्या शौर्याचं म्हणाल तर गेल्याच महिन्यात त्याच्याच दुकानात सुई पाहून मी आडवा झालो होतो, तेव्हा त्यानंच मला कांदा हुंगवून उठवलं. असा हा खुनी! या खुन्याची, म्हणजे माझीच, बायको चार दिवस झाले त्याच्याशी बोलत नाही, आणि हा तुमच्यापुढे मोठेपणा सांगत बसलाय.

हो ना, चार दिवस! रविवारपासून! आणि कशामुळे? सिनेमामुळे!

दानिश माहीत आहे ना, हबीबभाईंचा नातू, लग्नाचं शूटिंग करतो तो? आला एक दिवस घरी. म्हणे, "आबा, रडणाऱ्या नवऱ्या मुली काढून काढून डोळे दुखले माझे. आता मारामारी काढायची. पण साधी नाही, सुंदर मारामारी!" मी म्हटलं, अरे बापा, मारामारी आणि सुंदर? आमच्या वेळी सिनेमात मारामारी म्हणजे काय, ढिशूम झालं की भाजीची गाडी उलटायची, टमाटे लोळायचे, हिरोचा भांगसुद्धा मोडायचा नाही, आणि आम्ही पुढच्या रांगेत शेंगा फोडत बसायचो. तर हा मोबाइल काढून दाखवतो मला आजकालचं. एक माणूस, दोनशे लोकांना कापतोय, मागं बासरी वाजतेय, बासरी! आणि रक्ताचा एकेक थेंब असा हळूहळू हवेत फिरतोय, जसा काही नथीतला मोती सुटला. मी डोळ्यांवर हात घेतला... आणि बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं. खोटं कशाला बोलू? दिसत होतं सुंदर!

मी काही फार शिकलेला नाही, चौथी पास, म्हणजे तिसरीच, चौथीत मास्तरच्या खुर्चीला केळीचा चीक लावला म्हणून घरी पाठवलं. पण मला सांगा, रस्त्यावर साधा सायकलवाला पडला तर आपण तोंड फिरवतो, आणि पडद्यावर मुंडकं उडालं तर शिट्टी मारतो, हे काय आहे? कुणी शिकलेला असेल तर सांगा बुवा. मला तर दानिशनंही नाही सांगितलं. तो म्हणाला, "आबा, तुम्ही फक्त हात उचला."

बागेत शूटिंग. साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, हे रक्त. ललितला त्यात न्हाऊ घातलं. आता केळीची बाग, भर दुपार, आणि साखरेचा पाक... मुंग्या येणार नाहीत तर काय पाहुणे येणार? ललित मरायचा, डोळे पांढरे करायचा, आणि मेल्यावर मांडी खाजवायचा. "कट!" पुन्हा मारा. पुन्हा मेला, पुन्हा खाजवलं. असे एकोणीस! हाड मोडल्याचा आवाज पाहिजे तर दानिश रसवंतीवर जाऊन ऊस मोडून आला, मांस कापल्याचा पाहिजे तर केळीच्या खोडात कोयता घातला, खच्चकन, पाणी उडालं अंगावर! माझं पांढरं धोतर तिथंच गेलं. गंमत अशी, की बायकोनं, आमच्या बेबानं धुतलं तर रक्त सगळं निघालं, एका पाण्यात. केळीचा चीक तेवढा राहिला. तो कधी निघतो का?

आणि माझं काम काय, तर ललितला मारायचं, पण हत्याराशिवाय. दानिश म्हणतो, "कोयता काय कुणीपण धरतो, आबा. तुम्ही हात वर न्या. वर गेला की थांबवा. एवढंसं. मारण्यात काही नाही, मारायच्या आधी जे थांबणं असतं ना, सगळी मजा तिथं आहे." मी हात वर नेला. थांबवला. खाली आणला. दानिश कॅमेऱ्यामागून बाहेरच आला. "आबा! पहिल्याच झटक्यात! असं शिकवून येत नाही, कुठं शिकले?" मी म्हटलं, उपजत आहे रे, उपजत! एवढी छाती फुगली, की धोतराची गाठ सुटली.

रविवारी दानिशनं सिनेमा इंटरनेटवर टाकला, आम्ही पाहिला आमच्या पूनमकडे दीपनगरला. पोरीच्या घरी भिंतीएवढा टीव्ही. जावई, शेजारी, पोरंटोरं, बसायला जागा नाही. आणि आला माझा हात! हळू... हळू... असा वर चालला जसा काही पोळ्याला बैलाला ओवाळतोय, मागून ऊन, केळीच्या पानांतून सोनं गळतंय, हात थांबला... सगळं घर थांबलं... आणि आला खाली! काय शिट्ट्या! साक्रीहून कुणाचा तरी फोन, ओळख ना पाळख, "आबा, भारी शे! बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं!" म्हणजे सगळं गाव पाहतंय! मी स्वतः अकरा वेळा पाहिला. सांगू नका कुणाला, पण दिसत होतं सुंदर!

फक्त बेबा उठून स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं चहा ठेवायला गेली. चहा काही आला नाही.

तेव्हापासून हे असं. भाकरी वाढते, पाणी देते, औषधाची गोळी तळहातावर ठेवते. पण बोलत नाही! भांडत नाही हो! पंचेचाळीस वर्षांत असं झालं नाही. मी तिचा चष्मा तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला, म्हटलं आता तरी ओरडेल, "मेल्याहो, म्हातारे झाले तरी..." तर तिनं डबा उघडला, चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर घातला आणि डाळ शिजायला टाकली. तिच्या चपला उलट्यासुलट्या ठेवल्या, तर तशाच घालून देवळात जाऊन आली. रात्री डोळा लागत नाही. राग कशाचा? धोतराचा? चिकाचा? सिनेमात बाई असती तर समजलं असतं, तिथं तर मुंग्या आणि ललित!

मी तर आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. विचारा गावात. मस्करी करतो, पण हात नाही... एकदा सोडून. ते काय मोजायचं? सावद्याला, तिच्या भावाच्या लग्नात. मी सगळ्या वऱ्हाडाच्या विड्यांत मिरची भरत फिरत होतो, तर हिनं भर पंगतीत मला सरबताचा पेला दिला, नुसतं मीठ! मी प्यालो, तोंड वाकडं झालं, आणि पंगत अशी हसली, अशी हसली... माझ्यावर! पाचशे माणूस! आणि मग तो हात... ते जाऊ द्या. एकच. चाळीस वर्षं झाली, तीसुद्धा विसरली असेल. तेव्हापासून तिनं माझी मस्करी नाही केली, एवढंच. मी करतो तिची, ती रागावते, घर चालू राहतं.

तर मी काय सांगत होतो... हां, दानिश. दानिशचा कालपासून फोनवर फोन. "आबा, दुसरा भाग करायचा, शुक्रवारी या! तोच हात, आणखी हळू!" म्हणजे उद्या! मी म्हटलं, थांब रे, घरात विचारतो. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं हो, घरात विचारतो! पण विचारायचं कुणाला, भिंतीला?

आज सकाळी हिय्या केला. ती चुलीपाशी बसली होती. मी आपला लाडात आलो, म्हटलं गुळाचा चहा कर, आणि फळीवरचा गुळाचा डबा काढायला हात वर केला. तिच्या डोक्यावरच फळी आहे ना. हात वर गेला... आणि तिनं मान खाली घातली. अशी. पटकन. खांदे आत.

मला आधी वाटलं, डबा पडेल म्हणून. पण डबा तर माझ्या हातात होता, घट्ट! आता हात खाली आणू की वर ठेवू, तेच कळेना, तुम्हाला सांगतो, दानिशनं सांगितलं नव्हतं तरी हात तिथंच थांबला. आणि मी काय बोललो असेन? म्हटलं, "बेबा, उद्या शूटिंग आहे... दानिशला काय सांगू?"

तिनं वर पाहिलं नाही. काटकी चुलीत सारली आणि चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"सांगा त्याले काय सांगायचं ते. तुमले तो हात रविवारी हळू दिसला. मले तं सावद्यालेबी एवढाच हळू दिसला व्हता."