नाना, हलू नका!

...आणि वर मलाच म्हणतो, "नाना, हलू नका!" अहो, अंगण माझं, मुलगी माझी, ती बघायला आलेला तो, आणि हलायचं नाही कुणी? मी!

तुम्हाला सांगतो, मी फक्त विचारलं, "काय करता?" आता पुण्याच्या कॉलेजात शिकवतो म्हणावं, चहा प्यावा... नाही! हा सुकदेव म्हणतो, "ताऱ्यांच्या उजेडातल्या रेघा वाचतो. काही तारे असे गरगर फिरतात, की जात्याभोवती पीठ पडावं तसं त्यांच्याभोवती वायूचं कडं होतं. ते कडंही फिरतं, म्हणून त्याची एक चमकती रेघ आपल्याला दोन दिसते!"

माझी जीभ! म्हटलं, "एकाचे दोन दिसतात? भुसावळला डोळ्यांचा डॉक्टर आहे."

त्याच्या आईनं कप खाली ठेवला. दाराआडून माझी बायको सुगंधाबाई, "गयं! हाई बी स्थळ गयं!" आधीची स्थळंही माझ्या जिभेनंच घालवलेली. घाईघाईनं म्हटलं, "समजावून सांगा की!"

झालं! मला भर उन्हात मधोमध उभं केलं. "नाना, तुम्ही तारा. हलू नका!" आणि शेजारचा झुलाल, सुकदेवचे मामा, सुकदेवची आई, सगळे वायू! पळताहेत माझ्याभोवती! हा ओसरीवरून ओरडतोय, "या बाजूचे माझ्याकडे येताहेत, त्यांचा उजेड निळ्याकडे सरकला! त्या बाजूचे दूर चाललेत, त्यांचा तांबड्याकडे! इंजिन येताना शिट्टी चढी, जाताना उतरती, तसंच! म्हणून रेघ दुभंगली!" झुलाल धापा टाकतोय, "नाना, आखो कितला फेरा?" अरे, अजून किती फेरे ते ताऱ्याला काय विचारतोस? धुळीनं शिंक आली... "नाना, हलू नका!"

तेवढ्यात घराच्या छतावरून, धाब्यावरून आवाज. आमची कुंदा! ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होती, तिला अजून दाखवायचीच होती. म्हणते, "पण वरथीन दखं ते कोनी जोडे येस नही ना दूर जास नही! मंग रेघ एकच ना?"

सगळे वायू जागच्या जागी थांबले. सुकदेवनं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला! "अगदी बरोबर! वरून पाहिलं तर कुणी जवळ येत नाही, दूर जात नाही, रेघ एकच!" मग हळूच, "आई, मला पसंत आहे."

झालं, ठरलं! डोळे भरून आले हो माझे, खोटं कशाला सांगू. सगळे आत धावले, साखर वाटली, हसले, कुंदा खाली आली, सुगंधाबाईनं जावयाला पाट मांडला... आणि मी? मी तसाच अंगणात, उन्हात, टोपीसकट तापतोय! पण एक माणूस बाहेर येऊन म्हणत नाही हो, की नाना, आता हला!