चालू औषधं

दवाखान्यातल्या बाकावर मायलेकी फॉर्म भरत होत्या. शेजारी अंगठ्याला पट्टी गुंडाळून बसलेल्या वायरमनने पेपर उघडला खरा, पण त्याचे कान तिकडेच लागले.

"आई, विचारलंय, सध्या कोणती औषधं चालू आहेत?"

"लिही, एकही नाही."

"आणि पिंपल्सच्या त्या कॅप्सूल?"

"त्या नैसर्गिक आहेत गं. हळदीची सुजेवर, कांद्याच्या अर्काची अ‍ॅलर्जीवर, शिवाय माशाचं तेल."

"दिवसाला अकरा होतात. आजोबांना हृदयाच्या दुखण्याला चारच आहेत."

"त्यांची औषधं आहेत. तुझा आहार आहे."

"दोन महिने बाहेरचं खाणं बंद, या अकरा चालू, तरी पिंपल्स आहेत तिथेच."

"धीर धर. ते आतून जातात."

"पिंपल्सही नैसर्गिकच असतात ना?"

"तोंड सांभाळ."

"त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"पुढचं वाच."

"काय होतंय?"

"लिही, पंधरा दिवस पोटात जळजळ."

"कशामुळे वाटतं, असंही विचारलंय."

वायरमनने पेपराचं पान उलटायचं थांबवलं.

"लिही, बाहेरचं खाणं."