मैलूरच्या सातव्या कॉलमखालचा आड

शरणप्पा मिस्त्री. आधी हे नाव लिहून घ्या सर, मग माझं. माझं नाव मिलिंद, पण आज तुमच्यासमोर जो कोण बसलाय, इंजिनिअर म्हणा, लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर म्हणा, तो त्या माणसानं उभा केलेला हाय. आईबापानं जन्म दिला, ते हायच, पण पुढचं सगळं अप्पांचं. मी त्यांना अप्पाच मनतो.

आमचं गाव संतपूर, औराद तालुका. बाप दुसऱ्याच्या रानात तूर काढायला, सोयाबीन काढायला जायचा, आई बी जायची. बाबासाहेबांचा फोटो होता घरात आणि शिकायचं हे ठरलेलं होतं, पण शिकायचं म्हणजे कुठं जायचं, कुणाला विचारायचं, हे कुणालाच ठाऊक न्हाई. पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर मी अप्पांच्या हाताखाली कामाला लागलो. अप्पा औरादचे, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, काम मात्र सगळं बिदरात. एका घराच्या कामावर नकाशा उलटा धरून सगळे बघायलेत, मी मनलं, अप्पा, जिना ह्या अंगाला हाय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मनले, कामून रे, तुला हे वाचता येतंय? मनलं व्हय. मग इथं थापी घेऊन काय करायलास, मनले.

त्याच आठवड्यात ते मला आणि माझ्या बापाला घेऊन कलबुर्गीला गेले. कॉलेजच्या गेटवर बाप चपला काढून उभा राहिला, आत यायला तयारच न्हाई, मनला मला तिथं बोलता येत न्हाई, कानडी येत न्हाई, तुम्हीच जावा. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. ती अप्पांनी केली, कानडीत, एक एक अक्षर लावत, जसा चिरा लावतात तशी. कारकुनानं विचारलं तुम्ही कोण लागता? अप्पा मनले, लागतो.

चार वर्षांनी बी. ई. सिव्हिल झालो, आमच्या सगळ्या भावकीत पहिला. मग दुसऱ्यांच्या हाताखाली अनुभव, मग लायसन्सचा अर्ज, मग नगरपालिकेत नोंद, एक कागद दिला की दुसरा मागायचे, असं करत करत ते लायसन्स आलं. काय सांगू तुम्हाला, अप्पांनी ते दोन्ही हातांत धरलं, डोळ्याला लावलं. मनले, आता माझ्या बांधकामाला नाव आलं.

आता ह्यातली गोष्ट तुम्हाला समजून सांगतो. शहरात घर बांधायचं तर आधी जागेचा नकाशा लागतो, त्यावर नोंद असलेल्या माणसाची सही, लायसन्सचा नंबर. मग परवाना. काम झालं की त्याच माणसानं पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करायची, की हे मी बघितलंय, हे नकाशाप्रमाणं हाय, ह्यात माणसं राहू शकतात. मिस्त्रीचं आयुष्य बांधण्यात गेलं तरी त्याच्या सहीला किंमत न्हाई. म्हणून आमच्याकडं काय होतं, मिस्त्री बांधतो, लायसन्सवाला सही देतो. ह्याला कुणी खोटं मनत न्हाई. मदत मनतात. मी अप्पांच्या कितीतरी घरांना सही दिली आणि त्यातलं एकही घर वाईट न्हाई, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. अप्पांचं काम तसलं नव्हतंच.

हे एकच.

बिदरातल्या मैलूरमध्ये अप्पांनी स्वतःसाठी जागा घेतली होती, मी शाळेत असतानाच. त्यांची लेक, सुवर्णाअक्का, पुढं नवरा वारल्यावर माहेरी आली. तिच्यासाठी मुलींचं वसतिगृह काढायचं ठरलं, नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुली, खाली वर मिळून चोवीस. ती जागा पूर्वी रान होती आणि रानात एक आड होता, चाळीस हात खोल. अप्पांनी तो तेव्हाच स्वतः बुजवला. मुरूम, चिऱ्याचे तुकडे, पडक्या घरांचा राडारोडा, जे मिळालं ते. वरून शेवटचा थर टाकायच्या आधी गंगेची, म्हणजे आडातल्या पाण्याची, ओटी भरली, साडीचोळी, नारळ, हिरव्या बांगड्या. त्यांच्या घरात अशी रीत की बुजवलेल्या आडाचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. निरोप दिलाय, आता हाक मारायची न्हाई, असं. आमच्या घरात हे कुणी मानत न्हाई, आम्ही बौद्ध माणसं, पण मी नकाशा काढायला बसलो तेव्हा अप्पा शेजारी येऊन बसले आणि मनले, बाळा, तेवढं सोड, ते कागदावर आणू नको.

मी सोडलं. सर, माझ्या हातात पेन्सिल होती, मला शिकवलं होतं की जागेवर आड असला, विहीर असली, तर ती आधी दाखवायची, मग बाकीचं. मी त्या कोपऱ्यात काहीच काढलं न्हाई आणि नकाशावर सही केली. तिथं सातवा कॉलम आला.

पायाचे खड्डे खणले त्या दिवशी मी होतो तिथं. सहा खड्ड्यांत लाल कडक मुरूम लागला, पहार लागली की खण्ण वाजायचं. सातव्यात पहार लोण्यात गेल्यासारखी गेली. आणि मातीबरोबर बांगड्यांचे तुकडे वर आले, हिरवे, ओले. गडी थांबले. एकजण बाहेर येऊन हात पुसायला लागला. अप्पा आले, वाकून ते तुकडे गोळा केले, धोतराच्या सोग्यात बांधले, आणि मनले, काय बघायलाव रे, काच बघितली न्हाई का कधी? गडी हसले. मी बी हसलो. मी बाजूला घेऊन मनलं, अप्पा, कॉलम चार फूट सरकवू, न्हाईतर पाया तरी वेगळा करू. ते मनले, सरकवला तर जिना बसत न्हाई. मी दगड न् दगड ठोकून भरलाय तो, तू तेव्हा शाळेत होतास. आणि नाव काढू नको मनलं ना तुला.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडलं.

वर दोन मजले चढले तोवर काही झालं न्हाई. गेल्या पावसाळ्यानंतर त्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार लागेना. सुताराला बोलावून दार तासलं. महिन्यानं पुन्हा लागेना. मग भिंतीत चीर, खालून वर तिरकी जाणारी. अप्पा मनले गिलावा फाटलाय, नवीन भिंत हाय, फाटतोच. मी चिरेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली, त्यावर तारीख टाकली. भिंत हलली तर काच तडकते, एवढं सोपं असतं ते. अकराव्या दिवशी तडकली. दुसरी लावली, ती नवव्या दिवशी. तिसरी पाच दिवस टिकली. चौथी लावायला गेलो तर तिथं नवीन गिलावा, चुना मारलेला, चीर कुठं होती तेच दिसेना. अप्पा थापी धूत होते. मनले, मिटली.

आणि मुली यायला लागल्या. दाखला नसताना. सुवर्णाअक्का मनली, दादा, कॉलेज सुरू होतंय, पोरी कुठं जातील, तू आज ना उद्या सही करणारच हाईस. पहिल्या चौदा आल्या. कोपऱ्यातल्या खोलीत दोन, एक हुमनाबादची, एक भालकीची. मला बघून हसायच्या, मनायच्या, सर, दार लई घट्ट हाय, रात्री कडीच लावायला लागत न्हाई.

मी अप्पांना मनलं, मी दाखल्यावर सही करणार न्हाई. ते पहिल्यांदा हसले. मनले, लई मोठा इंजिनेर झालास की. मग मनले, कलबुर्गीला तुझ्या कागदावर सही करताना मी काय विचारलं होतं का रे, हा पास होईल का, नापास होईल? मी जायला वळलो. शेवटी ते मनले, राहू दे, तुला त्रास नको, गावात लायसन्सवाले लई हाईत, दुसऱ्याची घेतो.

ते खरं होतं. मी नुसतं न्हाई मनून काही थांबणार नव्हतं. दुसरा येणार, माझा नकाशा बघणार, त्यात आड न्हाई, वर चुना मारलेला, तो सही करणार. म्हणजे माझ्याच खोट्या कागदावर तो भरवसा ठेवणार.

त्या दिवशी अप्पांनी कोपऱ्यातल्या खोलीतल्या दोघींना वर पाठवलं आणि स्वतःची बाज तिथं नेऊन टाकली. मी झोपतो इथं, मनले, बघू काय होतंय.

मग मी अर्ज लिहिला. नकाशात आड दाखवला न्हाई, मला ठाऊक होतं, चूक माझी, इमारत तपासून मुलींना हलवावं. कार्यालयातल्या साहेबांनी दोनदा वाचला. मनले, अहो, हे तुमच्याच विरुद्ध जायलंय, लायसन्स राहणार न्हाई तुमचं. मनलं व्हय. घेतला त्यांनी. तपासणीला माणूस येणार मनले, अजून आला न्हाई. लायसन्सवर मला नोटीस आली, ती मात्र लवकर आली. बायकोनं ती घडी घालून कपाटात ठेवली. मी काल लांबून बघून आलो, आता बाहेरून बी दिसायलीय चीर, खिडकीखाली. मृग आठ दिवसांवर हाय. अप्पा माझा फोन उचलत न्हाईत, अक्का बी उचलत न्हाई. दारात गेलो तर दार लावून घेतलं. म्हणून हे पत्र रजिस्टरनं पाठवलं, मोठ्या अक्षरात, त्यांना वाचता येईल असं. त्याची ही नक्कल, वरचं शरणु म्हणजे त्यांच्याकडचा नमस्कार. हेच लिहा शेवटी, ह्याच्यापुढं माझ्याकडं सांगायला काही न्हाई.

आदरणीय अप्पांना,
शरणु.

मी नगरपालिकेत अर्ज दिला आहे. तुमच्या पाठीमागे दिला, म्हणून आधी माफी मागतो. त्यात तुमच्यावर दोष टाकलेला नाही. नकाशा माझा, सही माझी.

तुम्ही मला न बोलावता मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. पण तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी मोडतो आणि नाव काढतो. अप्पा, त्या कॉलमखाली आड आहे. तुम्ही तो नीट भरला होता, यात मला शंका नाही. पण तो घर पेलण्यासाठी भरलेला नव्हता, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार.

मुलींसाठी मी दोन ठिकाणी खोल्या बघितल्या आहेत. दोन्हीकडे आजच राहायला जाता येईल. पत्ते मागच्या बाजूला लिहिले आहेत. अक्कांना सांगा, मुलींचं सामान हलवायला मी गाडी पाठवतो, मी स्वतः येणार नाही.

आणि तुम्ही त्या खोलीत झोपू नका. तुम्ही तिथं झोपता म्हणून मुली बिनघोर वर झोपतात.

तुमचा,
मिलिंद