व्हर्ननचा ओटा आणि आमचा फोन

…नाही, तुम्हीच सांगा, नको असलेला फोन आला म्हणून कोर्टाने माणसाला पैसे द्यावेत, इतकं कुणाचं नशीब फळफळावं का? आमच्या शेजारच्या व्हर्नन क्रॅट्झरचं फळफळलं! अमेरिकेत कायदाच आहे तसा, परवानगी नसताना यंत्राने फोन केला की फोनमागे पाचशे डॉलर, मुद्दाम केला असेल तर पंधराशेपर्यंत, आणि ते सरकारजमा नाही हो, ज्याचं डोकं उठलं त्याच्या खिशात. व्हर्ननला एक रेकॉर्डवरची बाई छळायची, 'आपल्या गाडीची वॉरंटी संपत आली आहेऽऽ', तर हा गेला कोर्टात, जिंकला, आणि त्या पैशांतून मागच्या अंगणात ऐसपैस लाकडी ओटा बांधला. आणि आमचा फोन? गप्प.

तुम्हाला सांगतो, ओट्याचं मला काही नाही. पण संध्याकाळ झाली की आमची बायको मार्लीन सरबताचा जग घेऊन तिकडे. "क्लाइड, काय वारा येतो रे व्हर्ननकडे!" अगं, तोच वारा, मधे एक कुंपण, इतकी वर्षं आपल्या पायरीवर बसलीस तेव्हा कधी आला नाही तो? व्हर्नन पलीकडून हाक मारतो, "ये की क्लाइड, मक्याची कणसं भाजतोय." मी कशाला जातोय! मी पायरीवर एकटा, आणि फोन मांडीवर.

जळलो. सरळ सांगतो, जळलो. माझी गाडी त्याच्याहून जुनी, वॉरंटी त्याच्या आधी संपलेली, मग त्या बाईला माझी आठवण का येऊ नये? सबंध ओहायोत तिला व्हर्ननच दिसला? आमचा फोन गप्प तो गप्पच.

शेवटी व्हर्ननकडून गोडीगुलाबीने तिचा नंबर काढला आणि मीच लावला. बाई म्हणाली, "हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. आम्ही आपल्याला फोन केलेला चालेल का?" म्हटलं, "चालेल काय, धावेल! सकाळी करा, दुपारी करा, जेवताना करा, अगदी घरचं समजा."

आणि केले हो तिने! इतके केले की मी मनातल्या मनात ओट्याला छप्परसुद्धा घातलं. गेलो कोर्टात, मार्लीनला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवली. कंपनीच्या वकिलाने नुसतं रेकॉर्डिंग लावलं. भर कोर्टात माझा आवाज, "अगदी घरचं समजा…" न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मिस्टर झिमर, दंड परवानगी नसताना होतो. तुम्ही तर आमंत्रण दिलंत. आता नको असतील तर तसं त्यांना कळवा."

मार्लीनने गाडीत बसून दार धाडकन लावलं. मग म्हणाली, "जेवताना माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस, आणि तिला म्हणतोस जेवताना कर?"

आता कळवतोय रोज. फोन बंद करायचे तर नऊ दाबा म्हणते, नऊ दाबलं की थांबा म्हणते आणि गाणं लावते. ते संपायच्या आत तिचाच दुसरा फोन! मार्लीन तर आता दुपारपासूनच तिकडे असते. "राग नको मानूस क्लाइड, पण तिथे जरा निवांत वाटतं." वाटणारच की. दंडाच्या धाकाने त्याच्या वाटेला आता कोण जातंय? ओटा त्याचा, वारा त्याचा, आमची मार्लीन त्याच्या ओट्यावर… आणि त्याचा फोन? गप्प.