तेलाची लस आणि बैलांची नावं

आज सोमवार. सकाळी दवाखाना नेहमीच्या वेळेला उघडला. दोन म्हशी आणि एक शेळी आली. दुपारी पाण्याचा टँकर येऊन गेला. चार वाजता दार लावलं आणि आपण सगळे इथं अंगणात जमलो.

मंडळी, मला बोलायची सवय नाही. मी या दवाखान्यातला पट्टीबंधक. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, एवढं माझं काम. पण आपले रशीद डॉक्टर परवा हदगावला वारले, काल उदगीरला त्यांची माती झाली, आणि मला काही सांगायचं राहिलं आहे. ते त्यांनाच सांगायचं होतं. आता तुम्हाला सांगतो.

साहेबांचे मोठे भाऊ इथं बसले आहेत. त्यांच्या घरी उदगीरला तेलाचा घाणा होता. साहेब म्हणायचे, "कांबळे, पाणी वाहून जातं. तेल मुरतं." घटसर्पाची साधी लस जनावराच्या अंगात लवकर विरते. तीच लस करडईच्या तेलात घुसळून दिली तर ती हळूहळू सुटेल, शरीराला रोगाची ओळख पटायला वेळ मिळेल, आणि जनावर जास्त दिवस राखलं जाईल. असा त्यांचा विचार. मुंबई-पुण्याचं तेल नको, आपल्या रानातलं हवं. दोन काचेच्या सिरिंजा नळीनं जोडायचे आणि लस नि तेल इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत बसायचे. दुधासारखं पांढरं होईपर्यंत. हात दुखला की माझ्याकडे द्यायचे.

तेव्हा आपला जिल्हा नवा होता. कानात मारायचे बिल्ले मागवले होते, ते आले नव्हते. मुरुडजवळ दुष्काळाची छावणी होती. वरून परवानगी आली आणि साहेबांनी तिथले बैल घेतले. जोडीतल्या एकाला तेलाची लस, दुसऱ्याला साधी. मालक एक, चारा एक, पाणी एक. सगळे लाल कंधारी जातीचे. एकासारखा एक. म्हणून शिंगांना रंग द्यायचं ठरलं. तेलाची लस त्याला तांबडा, साधी त्याला निळा.

साहेब म्हणाले, "रंग लावा, पण वहीत बैलाचं नावही लिहा."

मी नावं लिहिली नाहीत. मालकाचं नाव लिहिलं, रंग लिहिला. सरकारी वहीत सर्जा, राजा, हौशा असलं काय लिहायचं, असं मला वाटलं. मी मॅट्रिक झालेला माणूस.

लस वैशाखात दिली. लसीचा जोर किती टिकला ते तपासायला दर महिन्याला रक्त काढत होतो. पहिले तीन महिने फारसा फरक नव्हता. साहेब म्हणायचे, "घाई नको. सहाव्या महिन्यात कळेल."

मधे पोळा आला. आदल्या दिवशी छावणीतली गंगामावशी माझ्याकडे आली. तिची जोडी आमच्या प्रयोगात नव्हती.

"दादा, जरासा रंग हाय का?"

मी म्हणालो, "मावशे, यंदा कसला पोळा? चारा न्हाई."

"चारा न्हाई म्हून शिंगं बी कोरी ठिवू का?"

मी तिला तांबड्या रंगाचा डबा दिला. आणि सणाला जळकोटला घरी गेलो.

परत आलो तर छावणीतल्या सगळ्या बैलांची शिंगं तांबडी. डबा सगळ्यांत फिरला होता. साहेब रांगेपुढं उभे होते. मला म्हणाले, "ओ कांबळे, आपण सगळ्यांनाच तेलाची दिली की काय?" लोक हसले. मीही हसलो. मग साहेब बाजेवर बसले आणि वहीची पानं उलटू लागले.

मालकांना विचारलं. कुणी म्हणे ह्याला निळा होता, कुणी म्हणे त्याला. साहेबांनी ते मान्य केलं नाही. "आठवणीवर रक्त तपासता येत नाही," म्हणाले. अहवालात त्यांनी लिहिलं, "नोंद अपुरी राहिली, जबाबदारी माझी." खाली त्यांची सही. नावं मी लिहिली नाहीत हे त्यांना दिसलंच होतं. डबा मी दिला, हे मी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पुढं त्यांची हदगावला बदली झाली. तिथून पोस्टकार्ड यायचं. "इथं बैल आहेत, तेल आहे, तुम्ही नाही. आठ दिवसांची रजा काढा." मी दोनदा कळवलं, रजा नाही. रजा होती, मंडळी. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बस इथूनच सुटते. कितीदा तरी मी स्टँडवर जाऊन ती सुटताना पाहिली आहे.

अजून दुपारी दार वाजलं की वाटतं, आता हाक येईल, "ओ कांबळे, हात दुखला, घ्या जरा."

साहेबांच्या भावांनी आज त्यांची हदगावची वही आणली. एकट्यानं त्यांनी तेच काम पुन्हा सुरू केलं होतं. या खेपेला नावं आहेत. पाखऱ्या, ढवळ्या, चित्तर, साहेबांच्या बारीक अक्षरात. पाच महिन्यांचं रक्त झालं आहे. सहावा रकाना कोरा आहे.

आपल्या खात्याचे मोठे साहेब इथं आहेत. त्यांना सगळ्यांदेखत विनंती करतो. मला आठ दिवस हदगावला जाऊ द्या. तेवढं रक्त मी काढून आणतो. निकाल काय येईल ते येवो. फरक नसला तर नसला, तेही साहेबांच्या वहीत लिहू.

रशीद डॉक्टर, डबा मी दिला होता.

आता आपण उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. नंतर चहा घ्या आणि उजेड आहे तोवर घरी निघा. मला मदतीला कुणी थांबू नका. सतरंज्या मी गुंडाळीन आणि सुया उकळायला ठेवीन.