तीन खोडं उंच

खाली

तिजानी: ...आणि करवत ओली करू नकोस, गंजते.

मबरूका: बाबा, मी मांडीभर पाण्यात उभी आहे. कुठे ठेवू, डोक्यावर?

तिजानी: ठेव की. तिथूनच मी पाठीवर वाळूची टोपली घेऊन इथं काठावर यायचो.

मबरूका: तेव्हा बागेत वाळू होती. आता बेडूक आहेत.

तिजानी: खजुरी पाण्याजवळ लावायला माझ्या बापानं ही बाग वाळूत खोल खणली, मी आणखी खणली. पाणी आपल्याला भेटायला येईल असं कुणाला वाटलं होतं? साऱ्या शहराचं सांडपाणी मुरतं आणि आमच्या खड्ड्यात डोकं काढतं.

मबरूका: निघाला. फुटवा निघाला.

तिजानी: मुळं?

मबरूका: पांढरी आहेत. आईखजुरीच्या खोडाला वर चिकटून होता, म्हणून वाचला.

तिजानी: वर धर. आणखी वर. सगळी बाग मेली आणि हा असा... एकच आहे?

मबरूका: एकच.

तिजानी: मग पाय बघून टाक, मुली.

सपाट

मबरूका: बाबा, फुटव्यासाठी बांधलेल्या माझ्या वाफ्यातली माती अंगणात कुणी ओतली?

तिजानी: मी.

मबरूका: शेणखत मिसळून, चाळून भरली होती मी. शाळेत शिकवायला गेले तेवढ्यात...

तिजानी: तू खोडं आडवी रचून खोकं केलंस. शेजारच्या खोक्यात पुदिना लाव, गाजरं लाव, ती पाहुणी मंडळी. खजुरीची मुळं पाण्याला टेकायला हवीत. तिच्यासाठी खणावं लागतं.

मबरूका: म्हणून खणलंत.

तिजानी: खणलं.

मबरूका: किती?

तिजानी: हात घाल.

मबरूका: कोपरापर्यंत... पाणी लागलं.

तिजानी: बागेतल्या पाण्यापर्यंत पोचायला माझी लग्नाआधीची सगळी वर्षं गेली. इथं चहा उकळायच्या आत आलं. चूल तशीच ठेवून बघत बसलो.

मबरूका: चाखलंत?

तिजानी: खारट. आणि वास. मबरूका, आपल्या अंगणाखाली तळं आहे. आपण तळ्यावर झोपतो.

मबरूका: तेच तर सांगत होते. त्यात मुळं कुजतात. म्हणून वर बांधायचं.

तिजानी: तू सांगतेस तेव्हा शाळेतलं वाटतं. हे हाताला लागलं.

मबरूका: बरं. आता परत भरू?

तिजानी: भरून भागणार नाही. ओल बघ, दुसऱ्या खोडापर्यंत चढलीय. वर तिसरं रचायला हवं.

मबरूका: चांगली खोडं संपली. बाकीची पाण्यात मऊ झालीत.

तिजानी: एक उभं आहे.

मबरूका: ते नाही. ती खजुरी आजोबांनी लावलेली. मी फुटवा काढला तरी तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत नीट.

तिजानी: फुटवा तिचाच आहे ना?

मबरूका: तिचाच.

तिजानी: मेलीय ती. रोज काठावर जाऊन बघतो मी, मला ठाऊक नसेल?

मबरूका: सावकाश ठरवा, बाबा.

तिजानी: गोणपाटात गुंडाळलेला तो फुटवा किती तग धरेल?

मबरूका: ...फार नाही.

तिजानी: मग करवत दे. मी उतरतो. तिला दुसऱ्या कुणी कापायचं नाही.

मबरूका: तुमचे गुडघे...

तिजानी: तू काठावर उभी राहून सूचना दे. बघू जमतं का. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

वर

(काही आठवड्यांनी. अंगण.)

मबरूका: इकडे या. मधलं मिटलेलं पान बघा. परवा मी त्याला काजळाची रेघ ओढली होती, या पानाच्या बरोबरीनं.

तिजानी: रेघ कुठाय?

मबरूका: बोटभर वर.

तिजानी: तुझा हात हलला असेल.

मबरूका: तुम्हीच धरलं होतं पान.

तिजानी: ...थांब. बोलू नकोस जरा.

मबरूका: रडताय?

तिजानी: नाही. मान वर केली की डोळ्यांत ऊन जातं.

मबरूका: हं.

तिजानी: जन्मभर खजुरीचे शेंडे मी वरून पाहिले. बाग खड्ड्यात, आपण वाळूवर. आमची शेळीसुद्धा वाकून खजुरीकडे बघायची. आणि हा बघ. एवढासा. माझ्या डोक्याच्या वर.

मबरूका: मान अवघडेल, बाबा. बसा.

तिजानी: बसलो की आणखी उंच दिसेल.

मबरूका: मग?

तिजानी: मग बसतो.