चिठ्ठीत निघाली ती बाजू

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या शाळा समितीचेही अध्यक्ष कृष्णराव पाटील, मुख्याध्यापक बाबूलाल गुरुजी, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष आणि माझे भासरे तुलारामभाऊ, ज्यांना आज आपण शाल पांघरवून गावाबाहेर काढतो आहोत त्या प्रतिक्षा मॅडम, आणि सतरंजीवर बसलेल्या बाया-माणसांनो, पोरापोरींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सरिता, दुर्गाची आई. शाळा तिसरीपर्यंत. भाषण लिहून दे म्हटलं तर दुर्गा म्हणाली, "मत तुह्यं हाय न माय, मंग मी काहून लिहू?" म्हणून जसं येते तसं बोलते. गुरुजींनी दोन मिनिटं दिली आहेत. दोन मिनिटांत माझा घसाही मोकळा होत नाही.

आमच्या घरी धाकट्या भावाची बायको भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, तोंड उघडत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भाऊजींना काही सांगायचं तर दाराआडून, नाहीतर पोरीच्या तोंडून. आज माइकवरून सांगते. भाऊजी, तुम्ही खाली बघत बसलात तरी चालते, ऐकू येतेच.

माझ्या आधी बोललेले सगळे म्हणाले, नोकरी म्हटली की बदली आलीच, वाईट वाटते. कायले खोटं बोलायचं? ही बदली झाली नाही, करवली. ज्यांनी करवली तेच आता शाल घालणार आहेत.

बाहेरचे पाहुणे आहेत म्हणून तलावाचं सांगते. उन्हाळी धान लावला की शेतकऱ्यांना पाणी लागते, म्हणजे तलावाचा दरवाजा, आम्ही ज्याला तुडूम म्हणतो, तो उघडावा लागते. पाणी उतरलं की आमची मासळी वाढायच्या आधीच मरते. म्हणून आम्हा ढिवरांना तुडूम बंद पाहिजे. दरवर्षी दोन्हीकडचे बाप्ये पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जमतात, एकमेकांच्या आया-बहिणी काढतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी.

मॅडम शनिवारी पोरांना वाद घालायला शिकवत. शिव्या नाही, वाद. पोरांनी विषय मागितला, तो हाच तलाव. मॅडम म्हणाल्या, घरची बाजू कोणाला मिळणार नाही, चिठ्ठीत निघेल तीच मांडायची. आणि आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्यानंच मान हलवून हो म्हटलं पाहिजे. चिठ्ठ्या निघाल्या. ढिवराच्या दुर्गाला आलं, तुडूम उघडा. धानवाल्या कृष्णरावांचा नातू लिलाधर, त्याला आलं, तुडूम बंद ठेवा.

सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं पोरं दरवर्षी पाठ केलेलं बोलतात. हात कधी वर करायचा तेही गुरुजींनी सांगितलेलं असते. यंदा पोरांनी हा वाद मांडला. चिठ्ठीचं मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण तेव्हा आपले मोठे लोक गेटजवळ तंबाखूचा खर्रा घोटत उभे होते. आत आले तेव्हा लिलाधर बोलत होता.

"पाणी नसन त माह्या आज्याले हरभरा पेरता येते. मासोळीले काय पेरता येते?"

कृष्णराव, तुमचा खर्रा तेव्हा गालातच राहिला, मी पाहिलं.

मग दुर्गा उभी झाली. म्हणाली, "मासोळी आमी इकतो, पन भात त आमीबी खातो. रोवणीच्या मजुरीले आमच्याच घरच्या बाया जातात. धान नाही लागला त माह्या मायले काम कोन देन?"

खोटं होतं का? मी जाते रोवणीला. चिखलात उभी राहून माझी कंबर जाते, पण घर चालते. संस्थेच्या बैठकीत हे कोणी कधी बोललं नाही, कारण बैठकीत बाया नसतात. माझी गोष्ट पहिल्यांदा बोलली ती माझी पोरगी, आणि तीही चिठ्ठीत तशी बाजू निघाली म्हणून.

त्या दिवशी आमच्या घरी काय झालं? भाऊजी अंगणातून ओरडले की पोरगी पाटलाच्या बाजूनं गेली. पाटलांच्या घरी ओरडा झाला की मॅडमनी नातू फितवला. मी दाराआडून चिठ्ठीचं सांगितलं, तर उत्तर आलं की घरचं मीठ खाऊन चिठ्ठीवर बोलायला हे काय दंडारीतलं सोंग आहे? आणि दुसऱ्या दिवशी, जे एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसत नाहीत ते दोघं एका जीपमध्ये बसून तालुक्याला गेले. तलावासाठी कधी एका गाडीत बसले नाहीत. मॅडमला काढायला बसले. मॅडम पोरांना घराविरुद्ध शिकवते, गावात भांडणं लावते, असं शिक्षण खात्याच्या साहेबांना सांगून आले.

भांडणं मॅडमनी लावली? मॅडम कारध्याहून रोज स्कूटीवर यायला लागल्या त्याच्या आधी पाळीवर काय भजन होत होतं?

उलट बोलणं आणि मुद्दा मांडणं यात फरक आहे की नाही? दुर्गा आधी उलट बोलायची, गंज-भांडी आपटायची. मागच्या महिन्यात तिनं मोबाईल मागितला. मला खाली बसवलं आणि आधी माझीच बाजू सांगितली. "तुह्यं म्हननं असं, का मोबाईल आला की मी अभ्यास सोडीन." मी म्हटलं, हो. "अन् तुले भेव वाटते, मी कोन्या पोट्ट्यासंगं बोलन." मी त्यालाही मान हलवली. मोबाईल दिला नाही, अजूनही देणार नाही. पण माझ्या मनात काय आहे हे नवऱ्यानं विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही, या पोरीनं मला सांगून दाखवलं. हे शिकवणाऱ्या बाईला आपण नारळ देतो.

गुरुजी म्हणाले, आता शनिवारी कवायत होईल. होऊ द्या, तब्येतीला बरी. दुपारी वाद माझ्या आवारात होईल. जाळी वाळवतो ती जागा मोठी आहे. मला शिकवता येत नाही, पण चिठ्ठ्या टाकता येतात. ज्याला पोर पाठवायचं नाही त्यानं पाठवू नये. पोरं ऐकतील असं मला वाटत नाही.

आणि पुढच्या आठवड्यात पाळीवर बैठक आहे, तिथं आम्ही बायाही येणार, ढिवरांच्याही आणि धानवाल्यांच्याही. हाकलायचं असेल तर हाकला. पण आधी आमचं म्हणणं काय ते आम्हाला सांगून दाखवा. आम्ही मान हलवली, तर मग हाकला.

मॅडम, तुम्ही कोणत्याही शाळेत जा, तिथंही लोक तक्रार करतीलच. करू द्या. तुमचे उपकार शाल-नारळात फिटणारे नाहीत. कार्यक्रमाला बोलावलं, माइक दिला, त्याबद्दल समितीचे आभार.

बोलताना कोणाचा मान राहिला नसेल, नाव आधी-मागं झालं असेल, आवाज चढला असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. पण मुद्दा चुकला असेल तर माफ करू नका. उठा आणि इथं येऊन सांगा. मी माइक बंद करत नाही.